‘हे जरा महागात जाईल तुम्हाला’: कपडे बघून, बाई-पुरुष बघून गिऱ्हाईक जोखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज पट्ट्यात मी 14 वर्षं गाड्या विकल्या. आधी दुचाकी, मग पिकअप, शेवटी मोटारी. आता विकत नाही, नव्याने फ्लोअरवर उभ्या राहणाऱ्या पोरापोरींना शिकवते. ती पोरं जे विचारतात ते, आणि लग्नाकार्यात ‘तू शोरूमला होतीस ना, मग सांग’ म्हणून नातेवाईक जे विचारतात ते, असे दोन्हीकडचे प्रश्न इथे आहेत. क्रम लावलेला नाही.

सेल्समन मुळात कपड्यांकडे बघतातच का?

वेळ नसतो म्हणून. शनिवारी दुपारी फ्लोअरवर पाच कुटुंबं उभी असतात आणि आपण दोघं. पगार जेमतेम, खरी कमाई इन्सेंटिव्हवर. ज्याच्यामागे तासभर घालवला तो नुसता ब्रोशर घेऊन गेला, आणि तेवढ्यात शेजारच्या पोराने बुकिंग केलं, की महिनाअखेरीस ते टोचतं. वर प्रत्येक चौकशीला ‘हॉट, वॉर्म, कोल्ड’ (घेणारच, कदाचित घेईल, घेणार नाही) असा शिक्का मारून ती सिस्टीममध्ये टाकायची असते. हा शिक्का मारायला हातात काय असतं? बूट, घड्याळ, मोबाइल आणि पार्किंगमध्ये काय लावलंय ते.

ही मापं अगदीच खोटी नाहीत, पण ती एका विशिष्ट माणसाची मापं आहेत. दर महिन्याला पगार होतो आणि त्यातला बराचसा स्वतःच्या अंगावर दिसतो, अशा नोकरदार पुरुषाची. त्याच्या मापाने जगाचं शर्ट शिवायला घेतलं की काखेत काचणारच.

गंमत म्हणजे धोतर बघून नाक मुरडणारा पोरगा बहुतेक वेळा शेतकऱ्याचाच असतो. बापाला तो असं वागवत नाही. टाय लावला की मात्र बापाच्या वयाचा माणूस ‘कोल्ड’ होतो.

शेतकऱ्याच्या बाबतीत अंदाज इतका का चुकतो?

शेतीतला पैसा महिन्याचा नसतो, हंगामाचा असतो. उसाचं बिल कारखान्याने 14 दिवसांत द्यावं असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात ते कधी येतं यावर इकडच्या कुठल्याही पारावर तासभर बोलणं होईल, पण पहिली उचल जमा झाली की आठवड्याभरात शोरूमचा फोन वाजायला लागतो, हे मी डोळ्याने बघितलंय. तासगावात बेदाण्याचे सौदे, सांगलीत हळदीचे. सौदा आटपून, पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद खिशात घालून माणूस थेट गाडी बघायला येतो. घरी जाऊन इस्त्रीचे कपडे घालून येत नाही. हळदीचा पिवळा रंग बाहीला तसाच असतो.

दुसरं कारण कागदांचं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बऱ्याच जणांकडे रिटर्न नसतात. फायनान्सच्या टेबलावरचा पोरगा ‘आयटीआर नाही’ हे ‘पैसे नाहीत’ असं वाचतो. सात-बारा, आठ-अ आणि कारखान्याच्या बिलांच्या नोंदी असलेलं पासबुक कसं वाचायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

उलटा गैरसमजही तितकाच भाबडा: ‘मळकं धोतर म्हणजे नक्की करोडपती.’ असल्या गोष्टी मोबाइलवर फार फिरतात. मला त्यांचा कंटाळा आलाय. जत-आटपाडीकडचा, दोन वर्षं पाऊस न बघितलेला माणूस खरंच जुन्या दुचाकीचा भाव विचारायला आलेला असतो, आणि त्यालाही सरळ उत्तर मिळायला हवं. छुपा श्रीमंत निघाला तरच मान, असं असेल तर त्या मानाला अर्थ नाही.

तुमची स्वतःची चूक झाली आहे का?

झाली आहे. पोरांना पहिल्या दिवशी मी तीच सांगते.

पावसाळा संपत आला होता. सकाळी साडेदहाला एक गृहस्थ आले, साठीच्या आसपासचे. पायजमा, बिनकॉलरचा सदरा, डोक्याला टोपी. काचेच्या दाराबाहेर थांबून त्यांनी चपला काढल्या, एकाला एक जोडून भिंतीशी लावल्या आणि अनवाणी आत आले. फरशी चकचकीत होती म्हणून. आमच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. ते मी नव्हते, पण मी हसणाऱ्याकडे बघितलंही नाही.

त्यांनी पिकअपच्या हौद्याला हात लावला. मग वीत टाकून तो मोजायला लागले, लांबी, रुंदी, फळीची उंची. ओठ हलत होते. मी नव्या पोराला म्हटलं, ‘ब्रोशर दे आणि सोड.’ त्याने दिलं. त्यांनी त्याला विचारलं, मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, किती पानांचे? पोराला सांगता येईना, त्याने माझ्याकडे बघितलं. मी फोनवर होते. फोन महत्त्वाचा नव्हता. ब्रोशरची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि गेले.

तीन महिन्यांनी तेच गृहस्थ आमच्या सर्व्हिसला आले, पहिल्या फ्री सर्व्हिसिंगसाठी. गाड्या दोन होत्या, दुसऱ्या गावच्या डीलरकडून घेतलेल्या. मी ओशाळून विचारलं, मामा, त्या दिवशी आमच्याकडे आला होता ना? म्हणाले, ‘आलो होतो की. डाळिंबाची क्रेट किती बसत्यात ते मोजत होतो. तुमी कामात हुता.’ आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

वीत टाकून हौदा मोजणारा माणूस टाइमपास करत नसतो, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. क्रेटचा हिशेब, पाट्यांची पानं, स्पेअर कुठे मिळतो, चढाला दुसऱ्या गियरवर ओढते का, हे प्रश्न घेणाराच विचारतो. मला त्याचे पाय दिसले, हात दिसला नाही.

अपमान झाला म्हणून शेतकऱ्याने तासाभरात दहा लाख आणून टाकले, ही गोष्ट खरी आहे?

कर्नाटकातल्या तुमकूरची, जानेवारी 2022 मधली घटना. पिकअप बघायला गेलेल्या शेतकऱ्याला ‘खिशात दहा रुपये तरी असतील का’ अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं गेलं आणि तो थोड्याच वेळात दहा लाख रुपये घेऊन परत आला, अशी ती बातमी देशभर गेली. गाडी लगेच देता येईना, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, पुढे माफी मागितली गेली.

यात एक व्यवहाराची बाब कुणी बोलत नाही. 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे पोतं आणून टेबलावर ओतलंत तरी डीलरला ते घेता येत नाही. राग कितीही आला तरी पैसे बँकेतूनच, आरटीजीएसने पाठवा. पॅन कार्डही बरोबर ठेवा.

पूर्ण शहरच कमी लेखलं जातं का?

जातं. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. एकगठ्ठा खरेदी म्हणून किमतीत आणि कर्जाच्या व्याजात सूट पदरात पाडून घेतली हा हिशेबी भाग झाला. पण त्यामागे ‘आमच्या गावाकडे तुम्ही बघतच नाही’ हा सल होता. मुंबई-पुण्याबाहेर महागडी गाडी कोण घेतंय, असं गृहीत धरून बसलेल्यांना तो जबाब होता.

मला त्यात एकच खुपतं. असा जबाब द्यायला 150 जण लागले. एकटीदुकटी बाई शोरूममध्ये येते तेव्हा तिच्यामागे 149 जण नसतात.

मी गाडी घ्यायला गेले, पैसे माझे, पण सेल्समन सगळं माझ्या नवऱ्याशी बोलत होता. असं का होतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. ‘नवऱ्याशी’च्या जागी कधी भाऊ असतो, कधी सासरे, आणि एकीच्या बाबतीत तर तिने ओळखीचा म्हणून बरोबर नेलेला ड्रायव्हर होता.

हे तोंडाने कमी आणि हाताने जास्त होतं, म्हणून पकडायला अवघड जातं. पाण्याचा ग्लास पहिला कुणापुढे ठेवला. कोटेशनचा कागद कुणाकडे तोंड करून ठेवला. बॉनेट उघडलं तेव्हा कुणाला जवळ बोलावलं आणि कुणाला रंगांचं कार्ड दिलं. टेस्ट ड्राइव्हची चावी कुणाच्या तळहातावर ठेवली. मी पोरांकडून याची रंगीत तालीम करून घेते. एक मुलगा, एक मुलगी गिऱ्हाईक म्हणून बसवते आणि आधीच सांगून ठेवते की गाडी मुलगी घेणार आहे. सांगूनसुद्धा दहा मिनिटांत कागद मुलाकडे सरकलेला असतो. दाखवलं की स्वतःच चपापतात.

खरं नुकसान चौकशीच्या फॉर्मवर होतं. नाव आणि मोबाइल एकाचाच लिहायचा असतो आणि तो सवयीने पुरुषाचा लिहिला जातो. पुढचे सगळे फॉलोअप, ऑफरचे मेसेज, डिलिव्हरीची तारीख, सगळं त्याच नंबरवर. गाडी घेणारी बाई ऑफिसात वाट बघते आणि शोरूम तिच्या दिराला फोन करून विचारतं, ‘सर, काय ठरलं?’ दीर म्हणतो, ‘अजून विचार चाललाय.’ चौकशी कोल्ड.

घरांच्या बाबतीत हे आणखी विचित्र आहे. निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ते घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी जी अट होती, तीही 2023 मध्ये काढली. म्हणजे करारावर नाव तिचं असावं असं सरकार पैसे सोडून सांगतंय, आणि साइट ऑफिसमधला पोरगा तिला किचनचा ओटा दाखवायला नेतो आणि कर्जाचं बोलायला नवऱ्याला टेबलाशी बसवतो.

सेल्सला बाई असली तर हा प्रश्न सुटतो का?

नाही. मीच सुरुवातीची काही वर्षं हे केलंय. जोडपं आलं की मी ‘सर’कडे वळायचे, कारण मला वाटायचं बाईशी बोलत बसले तर तो कंटाळून उठेल. बाई म्हणून मला ते आपोआप कळायला हवं होतं, असं लोक म्हणतात. आपोआप काही कळत नाही, टार्गेट दोघांनाही एकच असतं.

बाई बघून भाव वाढवून सांगतात, हे खरं की नुसतं बोलायचं?

याची रीतसर तपासणी झालेली आहे, पण ती अमेरिकेत. इयन एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी शिकागोतल्या मोटार विक्रेत्यांकडे गोरे-काळे, स्त्री-पुरुष असे परीक्षक गिऱ्हाईक बनवून पाठवले. सगळ्यांना घासाघीस करायची एकच पद्धत घोकवलेली, बोलायची वाक्यंही ठरलेली. गोऱ्या पुरुषांना सगळ्यांत कमी भाव सांगितला गेला, बाकीच्यांना त्याहून जास्त. 1991 मध्ये हे छापून आलं.

आपल्याकडे शोरूमच्या गाडीची किंमत बरीचशी ठरलेली असते, त्यामुळे खेळ किमतीत होत नाही. तो अॅक्सेसरीजमध्ये होतो, विम्यात होतो, ‘हँडलिंग चार्जेस’ नावाच्या ओळीत होतो. आणि गॅरेजमध्ये तर उघडच. ‘मॅडम, क्लच प्लेट गेलीय’ हे वाक्य मॅडमला जितक्या सहज ऐकवलं जातं, तितकं सरांना नाही. जुना सुटा भाग परत मागा. दरवेळी मागा. मागायची सवय आहे हे कळलं की प्लेटा कमी जातात.

सोन्याच्या दुकानात तरी बाईला मान असतो ना?

असतो, पण तिथे वय आणि लुगडं आडवं येतं. माझी एक मैत्रीण पेढीवर काउंटरला होती, तिने सांगितलेली गोष्ट. नऊवारी नेसलेल्या एक आजी एकट्याच आल्या आणि मोहनमाळ दाखव म्हणाल्या. काउंटरवरच्या पोराने लांबूनच सांगितलं, ‘आजी, एक ग्रॅमचे दागिने त्या कोपऱ्यात.’ एक ग्रॅम म्हणजे मुलाम्याचे, हे काही आजींना नव्याने सांगायला नको. त्यांनी कनवटीची गाठ सोडली. आत रुमाल, रुमालात जुन्या पुतळ्या आणि बोरमाळ. नातीसाठी मोडून नवं घडवायचं होतं. मालक स्वतः गादीवरून उठून आले, चहा मागवला. आजींनी चहा प्यायला, घडणावळ विचारली आणि ‘बघते’ म्हणून पुन्हा गाठ मारली. परत आल्या नाहीत.

चांगले कपडे केलेलं गिऱ्हाईक निदान खात्रीचं असतं का?

फॉर्मल शर्ट, महागडा फोन आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचे गुण) साडेपाचशे, असे मी कित्येक बघितलेत. 900 पैकी साडेपाचशे म्हणजे बँक दारही उघडत नाही. त्या साहेबांना दोन टेस्ट ड्राइव्ह, तीन कॉफ्या आणि माझा अख्खा रविवार.

‘हे महाग आहे’ एवढं सांगितलं तर अपमान कसा काय होतो? माहितीच दिली ना?

2013 मध्ये ओप्रा विन्फ्री झुरिकच्या एका दुकानात एक हँडबॅग बघायला मागत होत्या. विक्रेतीने ती दाखवली नाही, ती फार महाग आहे असं सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. विक्रेतीने ते नाकारलं. बॅग होती सुमारे 35 हजार स्विस फ्रँकची आणि गिऱ्हाईक जगातल्या सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी एक. स्वित्झर्लंडच्या पर्यटन संस्थेने माफी मागितली, दुकानमालकाने गैरसमज झाला असं सांगितलं.

दुकानात नक्की काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच ठाऊक. मी ही गोष्ट शिकवताना घेते ती वेगळ्या कारणासाठी. विकणारीला मनापासून वाटू शकतं की आपण मदत केली, पर्याय दाखवले. ऐकणारीला त्याच वाक्यात ‘तुझी ऐपत नाही’ ऐकू येतं. म्हणून आमच्याकडे नियम साधा आहे: मागितलेली वस्तू आधी हातात द्या, किंमत विचारली तर सांगा, स्वस्तातली मागितली तरच काढा. ‘त्यापेक्षा कमीतलं दाखवू?’ हे वाक्य गिऱ्हाईकाचं आहे, आपलं नाही.

मग बजेट विचारायचंच नाही?

विचारायचं, पण दारात नाही आणि ‘परवडेल का’ या शब्दांत तर कधीच नाही. आधी कामाचं विचारा: रोजचं फिरणं किती, घरात माणसं किती, माल काय असतो, गाडी चालवणार कोण? शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे, कारण त्याने खरं गिऱ्हाईक कोण ते आपोआप बाहेर येतं. ‘मीच चालवणार’ असं मागे उभी असलेली मुलगी म्हणते आणि पुढे उभे असलेले काका बाजूला होतात. त्यानंतर रोखीत की कर्जावर, हप्ता साधारण किती सोयीचा, हे विचारलं तर कुणाला राग येत नाही.

दुकानात असं वागवलं तर कायदा काही करू शकतो का?

थोडंफार. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांची नावं घेऊन सांगितलंय की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे प्रवेशाला आडकाठी करता येणार नाही. घटना समितीत 1948 मध्ये यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात धोबी, न्हावी येतात का असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं की हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय, अटी मान्य असतील तर मिळणारी सेवाही त्यात येते.

आता नीट बघा, त्या यादीत कपडे नाहीत आणि गरिबीही नाही. तरी जुलै 2024 मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या वयस्क शेतकऱ्याला आत सोडलं नाही, तेव्हा इतका गदारोळ झाला की तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा राज्य सरकारला करावी लागली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर तो वेगळा आणि गंभीर मामला, 1989 चा अॅट्रॉसिटीचा कायदा त्यासाठी आहे.

नुसत्या तुच्छ नजरेबद्दल ग्राहक आयोगात जाता येईल असं मला वाटत नाही. तिथे दाद मागायला तुम्ही पैसे देऊन काही घेतलेलं, निदान पैसे द्यायचं ठरलेलं असावं लागतं. पण बुकिंग घेऊन अडवलं, लपवून चार्ज लावला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा.

त्या क्षणी मी काय करू?

भांडू नका असं मी म्हणणार नाही, कधीकधी भांडावंच. पण वस्तू तिथूनच हवी असेल तर हे दोन उपाय मी चालताना बघितलेत. चौकशीच्या फॉर्मवर नाव-नंबर स्वतःच्या हाताने लिहा, ‘लिहून घेतो मी’ म्हटलं तरी पेन मागा. आणि सेल्समन बरोबरच्या माणसाशी बोलत असेल तर त्या माणसाने एकदाच म्हणावं, ‘मला नका सांगू, घेणार ती आहे,’ आणि उठून गाड्या बघत फिरावं. रिकाम्या खुर्चीशी कुणी बोलत नाही.

कमिशन त्याच पोराला मिळू नये असं वाटत असेल तर सेल्स मॅनेजरला तसं स्पष्ट सांगून दुसरा माणूस मागा. मिळतो.

खरोखरच टाइमपास करणाऱ्यांचं काय?

येऊ द्या. पुण्यातल्या काही जुन्या दुकानांत हा प्रश्नच येत नाही, तिथे घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला सारखंच तोडून बोलतात, समता म्हणाल तर पूर्ण आहे. आपल्याला तेवढा नावलौकिक नाही, तेव्हा गोड बोलावं लागतं. एसीत बसायला आलेला कॉलेजचा पोरगा चार वर्षांनी पहिल्या पगारावर दुचाकी घेतो, आणि कुठे हाकललं होतं ते त्याला पक्कं आठवत असतं.

कुणी दाराबाहेर चपला काढून आत येत असेल तर काय म्हणायचं?

‘राहू द्या, घालूनच या.’ आणि लगेच खुर्ची. फरशी पुसायला संध्याकाळी मावशी येतातच.